ठिपक्याच्या बरण्या

१० सप्टेंबर १९७४, मंगळवार, सकाळी साडेदहा वाजता भोकरदनचे नारायणशेठ एसटीतून उतरून थेट आमच्या कारखान्यात आले. काखेतला खोका त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि न बसताच म्हणाले, "साहेब, तुमच्या स्नोला मिशा फुटल्या."

मी खोका उघडला. आत आम्हीच भरलेल्या स्नोच्या छोट्या बरण्या होत्या. पहिलीचे झाकण फिरवले. पांढऱ्या क्रीमवर करड्या-हिरव्या बुरशीची लव उभी होती. दुसरीत तेच. तिसरीत नुसता एक काळा डाग होता. पण त्याचे पुढे काय होणार हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नव्हती.

"बसा," मी म्हणालो.

"बसतो. पण आधी इलाज सांगा. दिवाळीचा माल भरायचे दिवस आले. बायका बरणी दुकानात उघडून, वास घेऊन मंगच पैसे काढतात. एकीनं उघडली अन् चौघींनी पाहिली. आमचं गाव काही मोठं न्हाई."

तक्रार घेऊन येणारा व्यापारी मला नेहमीच बरा वाटत आला. न येणारा व्यापारी खराब माल गुपचूप फेकतो, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून घेतो, आणि आपले काय चुकले ते आपल्याला कधीच कळत नाही.

कारखाना हा शब्द मोठा आहे. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. तिथे आमच्या दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि मागे मोरी होती. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. नोकरी केली नाही, कारण कोणाचे ऐकून घेण्याचा स्वभाव नव्हता. आम्ही केसांचे तेल, दंतमंजन, कुंकवाखाली लावायचे मेण, दिवाळीला उटणे आणि बारा महिने स्नो बनवीत असू. स्नो म्हणजे तोंडाला लावायचे पांढरे क्रीम. बायका त्याला 'सनो' म्हणत.

या धंद्याबद्दल लोकांची समजूत अशी, की खरी विद्या सुगंधात आहे. प्रत्यक्षात ती वस्तू टिकवण्यात आहे. वस्तू बनवणे हे एका दिवसाचे काम. गिऱ्हाइकाच्या फळीवर ती वर्षभर बनवली तशीच राहिली पाहिजे. त्याचा नियम एकच: पाणी आले की जीव आला. उटणे कोरडे असते. त्याला फार तर कीड लागते. मेणात आणि तेलात पाणी नसते. ती खवट होतील, पण त्यांच्यावर काही उगवत नाही. मेणाची अडचण निराळी. उन्हाळ्यात ते कपाळावर पाघळते आणि कुंकू नाकावर उतरते; हिवाळ्यात त्याचा दगड होतो. म्हणून त्यातले तेल आम्ही वर्षातून दोनदा कमी-जास्त करीत असू. एकदा हिवाळ्याचे नरम मेण चुकून चैत्रातल्या लग्नघरी गेले. वरमाईने मला जे ऐकवले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

स्नोची गाठ मात्र सरळ पाण्याशी आहे. त्यात चारांतले तीन हिस्से पाणीच असते. स्टिअरिक आम्ल नावाचा मेणासारखा पदार्थ वितळवायचा. दुसऱ्या पातेल्यात गरम पाणी, ग्लिसरीन आणि थोडा कॉस्टिक पोटॅश. दोन्ही सारखी तापली की एकात दुसरे बारीक धारेने ओतायचे आणि गार होईपर्यंत एका दिशेने ढवळत राहायचे. आधी दूध दिसते, मग साय, मग लोणी. एका वेळी चुलीवर चढेल तेवढ्याला आम्ही घाणा म्हणत असू. हे सारे बुरशीला फार आवडते. तिला अडवण्यासाठी एक पांढरी भुकटी मुंबईहून मागवावी लागे. ती कमी पडली तर बुरशी येते. जास्त झाली तर चेहरा चुणचुणतो. हा तोल सांभाळणे हाच माझा व्यवसाय.

तो मला सांभाळता येत असे. जाफराबादची एक बाई एकदा अर्धी बरणी घेऊन आली. म्हणाली, "सनो आकसला." कधी घेतला होता असे विचारले, तर म्हणाली, "थोरलीच्या लग्नात." आता धाकटीचे लग्न ठरले होते. मधल्या सगळ्या वर्षांत तिने फक्त संक्रांतीला त्यात बोट घातले होते. क्रीम आकसले होते, कडेने सुटले होते, पण त्यावर बुरशीचा ठिपकाही नव्हता. मी तिला नवी बरणी दिली आणि जुनी ठेवून घेतली. लोक भिंतीवर प्रशस्तिपत्रे लावतात. माझ्या फळीवर ती बरणी असे.

त्यामुळे नारायणशेठांच्या खोक्याने मला अपमानापेक्षा कुतूहलच जास्त वाटले.

"शेठ, सगळाच माल बिघडला?"

"तेच तर सांगून राह्यलो. सगळा न्हाई. फुलीचा चांगला. रेघेचा चांगला. ठिपक्याचा तेवढा गेला."

हे समजावून सांगितले पाहिजे. क्रीम बरण्यांत भरण्याचे काम तीन बायका करीत. मजुरी डझनावर असल्यामुळे प्रत्येकीने आपल्या खोक्याच्या पट्टीवर आणि बरणीच्या बुडाला शाईने आपली खूण करायची, अशी पद्धत होती. आडवी रेघ लक्ष्मीबाईंची. त्या वयाने मोठ्या, विधवा, आणि जिभेने तिखट. फुली शांताची, ती नुकतीच लग्न होऊन जालन्यात आली होती. ठिपका गयाबाईचा.

नारायणशेठांनी आवाज खाली आणला. "ठिपका कोणाचा ते मला ठाव हाय. मागच्या खेपेला लक्ष्मीबाईला विचारलं व्हतं. राग मानू नका, मी जातपात मानत न्हाई. दुकानात सगळे येतात. पण हात असतो साहेब, एकेकाचा. आमच्याच घरी एका सुनेच्या हातचं लोणचं दोन वर्षं ऱ्हातं, दुसरीच्या हातचं पावसाळा काढत न्हाई."

"मग तिला काढली का घराबाहेर?"

"कोणाला?"

"दुसऱ्या सुनेला."

नारायणशेठ हसले नाहीत. "बाई बदला. दिवाळीचा माल न्यायलाच आलो मी. पाचच्या गाडीनं जायचंय. बाई तीच राह्यली तर माल नको मला. बिलकुल नको."

गयाबाई बौद्ध कुटुंबातली. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करी. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडण्याच्या कामावर होती. ते काम संपल्यावर एके दिवशी स्वतःच आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काम हाय का?" तिची बोटे खडीने जाड झाली होती, तरी भरताना बरणीच्या काठाला क्रीम लागत नसे. मी तिला ठेवून घेतले ते तेवढ्यासाठी.

हे काम गेले असते तर तिला दुसरे मिळाले असते, असे म्हणता येईल. पण 'तिच्या हातानं वस्तू नासते' हे बोलणे एकदा बाजारात पक्के झाले, आणि तेही कारखान्यातून काढून टाकल्यामुळे पक्के झाले, तर तिला डाळ निवडायलाही कोणी बोलावले नसते. तिला पुन्हा खडीच राहिली असती. खडी कोणाच्या हातची आहे हे कोणी विचारत नाही.

मी उत्तर न देता कामाला लागलो. क्रीम एकाच घाण्याचे, भुकटी तीच, बरण्या एकाच पोत्यातल्या, झाकणे एकाच पेटीतली, भरण्याचा दिवसही तोच. तिघींच्या मालात फरक होता तो केवळ हाताचा. म्हणजे नारायणशेठांची तक्रार खरी होती. त्यांचा निष्कर्ष चुकीचा असावा असे मला वाटत होते. पण वाटणे हा पुरावा नव्हे.

कोठीतून तिन्ही खुणांचा शिल्लक माल काढला आणि शेठसमोर उघडत गेलो. फुली निर्मळ. रेघ निर्मळ. ठिपक्याच्या काही बरण्यांवर करडे डाग धरू लागले होते. शेठ प्रत्येक डागाला मान हलवीत होते.

मग मी चाकूने एका खराब बरणीतले क्रीम उभे कापले. खाली ते पांढरेशुभ्र होते. बुरशी फक्त वरच्या पापुद्र्यावर होती, आणि तीही मधोमध नाही. कडेने, गोल कड्यासारखी. म्हणजे ती क्रीममधून वर आलेली नव्हती. ती वरून खाली उतरली होती. वर काय असते? झाकण.

स्नोच्या बरणीचे झाकण पत्र्याचे असते आणि त्याच्या आत पुठ्ठ्याची एक पातळ चकती बसवलेली असते. झाकण घट्ट बसावे आणि पत्र्याचा स्पर्श क्रीमला होऊ नये, यासाठी ती असते. मी टाचणीने चकती उचकटली. तिची क्रीमकडची बाजू करडी होती. पत्र्याकडची बाजू काळीकुट्ट. आणि चकतीमागचा पत्रा गंजला होता. फुलीच्या बरणीची चकती काढली. मागचा पत्रा लखलखीत. रेघेची काढली. लखलखीत.

"हे पाहा," मी म्हणालो.

शेठनी चष्मा वर सरकवला. "गंज हाय."

"गंज कशाने येतो?"

"पाण्यानं."

"हाताने येतो का?"

त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "पण पाणी आलं कुठून?"

तेच मलाही कळत नव्हते. क्रीम गरम असताना झाकण लावले तर आत घाम धरतो, हे मला माहीत होते. पण गयाबाई घाई करणारी नव्हती. घाई शांताची, आणि शांताच्या बरण्या उत्तम होत्या. छप्पर गळत असते तर तिघींचाही माल गळक्या छपराखालीच होता. मी शेठना म्हणालो, "तुम्ही माझ्याबरोबर शेडमध्ये चला. स्टुलावर बसा. काही बोलू नका."

त्या दिवशी सकाळचा घाणा गार होऊन भरण सुरू झाले होते. एरवी त्या वेळी मी पुढच्या खोलीत पातेल्यापाशी असे. भरताना बायकांच्या डोक्यावर उभे राहण्याची माझी रीत नव्हती. शांता दाराशी बसे, लक्ष्मीबाई मध्ये पाटावर, आणि गयाबाई पार मागे, मोरीच्या तोंडाशी. ती जागा तिने स्वतःच निवडली होती.

"आज साहेब अन् शेठ दोघं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पाहायचा कार्यक्रम हाय का काय? पोहे सांगू?"

"मावशी, तुम्ही हात चालवा," शांता म्हणाली. "साहेबांनी पाहिलं म्हंजे कळंल त्यांना, तुमचं डझन संध्याकाळपर्यंत का पुरतं ते."

"तू गप. निम्मं क्रीम तुझ्या कोपराला लागलंय. घरी जाऊन नवऱ्याला पुसायला लावशील."

गयाबाई हसली, पण तिने मान वर केली नाही. मी तिच्याकडे पाहत राहिलो. बरण्या आदल्या दिवशी सोड्याने धुऊन, उकळलेल्या पाण्यातून काढून, बाजेवर पालथ्या घालून वाळवलेल्या असत. त्यातली एक तिने उचलली, भरली, काठ पुसला. इथवर तिघींचे सारखेच. मग लक्ष्मीबाई आणि शांता झाकण उचलून कोरड्या फडक्याने एकदा पुसत आणि फिरवून टाकत. गयाबाईने झाकण उचलले आणि शेजारच्या कळशीतल्या पाण्यात बुडवले. बोटाने आतून कडेकडेने चोळले. पुन्हा बुडवले. झटकले. दुधासारख्या पांढऱ्या, घडी केलेल्या फडक्याने दाबून टिपले, उजेडाकडे धरून पाहिले, आणि मग बरणीवर बसवले.

यापेक्षा स्वच्छ काम मी धंद्याच्या उभ्या आयुष्यात पाहिले नाही. बुरशी तिथूनच येत होती.

पुठ्ठा पाणी पितो. वरून टिपला तरी आतला ओलावा जात नाही. उन्हाळ्यात जालन्याच्या हवेत चकती तासाभरात कोरडी झाली असती. पावसाळ्यात ती झाकणाखाली ओलीच राहते. आमची भुकटी क्रीममध्ये होती, पुठ्ठ्यात नव्हती. बुरशीने आपले बिऱ्हाड पुठ्ठ्यात थाटले आणि तिथून ती खाली उतरली.

"गयाबाई," मी म्हणालो, "झाकणे कधीपासून धुता?"

तिचा हात थांबला. "आखाडापासून, साहेब."

"का?"

तिने एकदा शेठकडे पाहिले आणि नजर पुन्हा कळशीवर वळवली.

"सांग की गं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "विचारून राह्यले तर सांगावं."

"आखाडात एक बाई आल्ती इथं बरणी घ्यायला," गयाबाई म्हणाली. "दारातून तिनं मला भरताना पाहिलं. कुठं ऱ्हाती म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिनं हातातली बरणी ओट्यावर ठेवली अन् गेली." फडक्याची घडी नीट करीत ती म्हणाली, "तोंडाला लावायची चीज हाय, साहेब. उद्या कोणाच्या गालावर फोड आला तर पहिलं नाव माझं येईल. म्हणलं, आपलं काम असं पाहिजे की कोणाला बोट ठेवायला जागा नको. बरण्या तर तुमी धुवून घेता. झाकणं कोणीच धुवत न्हाई. म्हणून मी धुते."

कारखान्यात पिण्याच्या पाण्याचा माठ एकच होता. गयाबाई त्यात स्वतः हात घालीत नसे. शांता वरून ओतून देई आणि ती ओंजळीने पीत असे. हे मी रोज पाहत होतो. त्याचा स्नोच्या झाकणाशी काही संबंध असेल, असे मला सुचले नव्हते.

मी तिला गंजलेले झाकण आणि काळी चकती दाखवली, आणि पुठ्ठा, पाणी, बुरशी हे तीन शब्दांत सांगितले. तिने चकती हातात घेऊन बोटांत दाबून पाहिली.

"म्हंजे माझ्या धुण्यानंच?"

"हो."

"अन् न धुता शांतीचं चांगलं?"

"हो."

"बघा," शांता म्हणाली, "मी म्हणत व्हते ना, जास्त कामानं नुकसानच व्हतं."

कोणी हसले नाही. गयाबाईने कळशी बाजूला सरकवली. "मंग आता मी काय धुवू?" तिने विचारले.

"हात. काम सुरू करण्याआधी, आणि मग ते कोरडे करायचे. तिघींनीही," मी म्हणालो. दुसरे काही मला सुचले नाही.

नारायणशेठ स्टुलावरून उठले. "साहेब, तुमचं शास्त्र बराबर हाय. मला पटलं. पण गिऱ्हाइकाला मी पुठ्ठा अन् पाणी कुठं सांगत बसू? त्ये म्हणणार, झालं ते तिच्याच हातानं ना? मंग काय बोलू?"

हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पटलेली गोष्ट माणूस दुकानात सांगत नाही. डोळ्याने पाहिलेली सांगतो. मी म्हणालो, "मग प्रयोग करू. गयाबाई कोरड्या झाकणांनी भरतील. दुसरे कोणीतरी झाकणे भिजवून भरील. दोन्ही तुम्ही घेऊन जा आणि दुकानात शेजारी-शेजारी ठेवा. लक्ष्मीबाई, ओल्या झाकणांच्या तुम्ही भरा."

लक्ष्मीबाईंनी हात पदराखाली घेतले. "मी? न्हाई बाबा. उद्या मिशा फुटल्या तर नाव माझ्या रेघेचं जाईल."

"तुमचा हात तर चांगला आहे ना?"

"चांगला हाय म्हणूनच सांभाळून ठेवलाय."

शांताने आधीच मान फिरवली होती. मी शेठकडे पाहिले. "तुम्ही भरा."

"मी?"

"तुमचा हात खराब असता तर दुकान कशाला चालले असते?"

नारायणशेठनी टोपी काढून स्टुलावर ठेवली, बाह्या सारल्या आणि गयाबाईच्या समोर, कळशीच्या पलीकडे मांडी घातली. क्रीम भरणे दिसते तितके सोपे नाही. पहिल्या बरणीत त्यांनी मधोमध पोकळी ठेवली, दुसरीत काठावर ढीग केला.

"शेठ, दाबून भरा की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "साखर तोलताना ठेवता तशी जागा ठेवू नका."

"साखर मी कधी कमी दिली गं कुणाला?"

"मोजायला आमच्याकडं काटा कुठाय?"

शेठनी झाकण कळशीत बुडवले, झटकले, लावले. बरणीच्या बुडावर पेन्सिलीने 'ना' लिहिले. पुन्हा तसेच. समोर गयाबाई कोरडी झाकणे लावीत होती आणि बुडावर ठिपका देत होती. दोघे एकमेकांकडे पाहत नव्हते, पण त्यांच्या बरण्यांची संख्या बरोबर चालली होती. तिचा हात सरावलेला होता. त्यांच्यासाठी तो सावकाश चालवीत असावी.

शेवटच्या बरणीला शेठनी झाकण उचलले, पाण्यापर्यंत नेले आणि थांबले.

"हे लावलं म्हंजे जाईल ना?"

"जाईल."

"चांगला माल हाय हो हा," ते म्हणाले. व्यापाऱ्याचा जीव आहे. जाणून-बुजून माल नासवणे त्याच्याने होत नाही. त्यांनी हातातले झाकण खाली ठेवले आणि गयाबाईपुढे हात केला. "एक सुकं द्या इकडं."

तिने दिले. त्यांनी घेतले आणि लावले. त्या बरणीच्या बुडावर काय खूण करावी हे त्यांना ठरवता आले नाही, म्हणून ती तशीच राहिली.

त्यांचा विश्वास बसला होता. बाजाराचा बसायचा होता. मी सुचवले, "आजपासून खुणाच बंद करतो. रेघ नाही, फुली नाही, ठिपका नाही. हिशेब मी वेगळा ठेवीन. कोणाचे खोके कोणते हे कोणाला कळणारच नाही."

मला हा तोडगा न्याय्य वाटला होता. शेठही मान हलवू लागले.

"नका काढू, साहेब," गयाबाई म्हणाली.

"का?"

"ठिपका गेला तर लोक म्हणतील, बाई काढली. न्हाईतर म्हणतील, लपवून ठेवली. राहू द्या. माल टिकला तर ठिपक्याचा टिकला म्हणून दिसंल. अन् न्हाई टिकला..." तिने वाक्य सोडून दिले. "पण टिकंल ना?"

"टिकेल."

"मंग राहू द्या."

एवढे बोलताना मी तिला पूर्वी कधी ऐकले नव्हते. शेठना मी सांगितले, की यापुढे तिन्ही खुणांचा माल एकत्र जाईल, नाहीतर जाणार नाही. ते म्हणाले, "ठिपक्याच्या झाकणात अजून ओल हाय. आज कसा नेऊ?" हे मात्र बिनतोड होते.

"तो मी दुरुस्त करून ठेवतो."

"मंग आज कोणताच नको. हे तेवढं पिशवीत टाका."

पाचच्या गाडीला नारायणशेठ प्रयोगाच्या बरण्या तेवढ्या घेऊन गेले. भोकरदनची दिवाळी गेली असे मी धरून चाललो होतो. ते दसऱ्याच्या आधी परत आले. 'ना' लिहिलेल्या बरण्यांचे काय झाले हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. कोठीत जाऊन त्यांनी स्वतः खोके बाहेर काढले, तिन्ही खुणांचे, आणि हमालाला हाक मारली. आखाडात येऊन गेलेल्या त्या बाईचे मत पुढे बदलले की नाही, मला ठाऊक नाही. माझ्याकडे उपाय होता तो बुरशीवर.

तो उपाय मी, शेठ पाचच्या गाडीने रिकामे गेले, त्याच संध्याकाळी केला होता. पॅराफिन मेण स्टोव्हवर वितळवले आणि कोऱ्या चकत्या त्यात बुडवून काढल्या. मेण प्यालेला पुठ्ठा पाणी पीत नाही; पुढे आम्ही सगळ्याच झाकणांना तशा चकत्या वापरल्या. गयाबाई थांबते म्हणाली. मी तिघींनाही घरी पाठवले. चुकलेला माल सुधारणे हे मजुरीत बसत नाही. चाळणीवर चकत्या निथळल्या. अजून उजेड होता. ठिपक्याचे खोके एकेक उघडले, डाग धरलेल्या बरण्या रिकाम्या करून वेगळ्या ठेवल्या, चांगल्यांची झाकणे काढून फेकली आणि मेणाच्या चकत्यांची नवी कोरडी झाकणे बसवली. शेवटच्या खोक्याची कागदी पट्टी उघडताना फाटली होती. नवी पट्टी खळीने चिकटवली, काडी शाईत बुडवून तिच्यावर ठिपका दिला, आणि स्टोव्हची हवा सोडली.